ब्रदर टिलरींची बोटं

सेड्रिक टिलरी हा मातीतला माणूस. अगदी शब्दशः. अठरा वर्षं तो हायस्कुलात मुलांना मातीची भांडी करायला शिकवत होता, आणि चाकावर बसला की त्याच्याइतका सुखी जीव सगळ्या नॉर्थ कॅरोलायनात नसेल. अशा माणसाने चव्वेचाळिसाव्या वर्षी पिस्तूल घ्यायचं मनात आणलं ते स्वयंपाकघराच्या मागच्या दारामुळे.

ऑगस्टातली दुपार होती, चारचा सुमार. बायको रोशेल औषधाच्या दुकानात कामावर गेलेली. सहा वर्षांची सेला टेबलाशी चित्र रंगवत बसली होती आणि सेड्रिक पॅनकेक उलटत होता. तेवढ्यात मागच्या दाराची मूठ फिरली. कुणी टकटक केली नाही, हाक मारली नाही. मूठ पुन्हा फिरली, मग दारावर खांद्याचा एक धक्का बसला. कडी टिकली. पावलं कुंपणाकडे निघून गेली. शेरीफचा माणूस पन्नास मिनिटांनी आला, वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि एक पॅनकेक खाऊन गेला.

"डॅडी," सेलाने विचारलं, "तो आत आला असता तर तू काय केलं असतंस?"

सेड्रिकने हातातल्या उलथन्याकडे पाहिलं. उलथन्यालाही उत्तर सुचत नव्हतं.

पोरीने पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती टेबलाशी बसताना दाराकडे पाठ करीना, आणि हे सेड्रिकला रोज दिसत होतं. मुलांना शिस्त लावणं, त्यांचे दात घासून घेणं, प्रार्थना पाठ करून घेणं ही सगळी बापाची कामं तो करत होता. पहारा मात्र सहा वर्षांच्या पोरीने करावा, हे त्याला पटेना.

रोशेलने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घे. पण दोन अटी. एक म्हणजे, हे माझ्या आईला कळता कामा नये. चर्चमध्येही कळता कामा नये, ती दोन्ही एकच. दुसरी, सेलाला उघडता येणार नाही अशी पेटी आधी घरात येईल, पिस्तूल मागून."

दुसरी अट सोपी वाटते ती सेलाला न ओळखणाऱ्यांना. या मुलीने दुसऱ्या वर्षी न्हाणीघराची कडी उघडली होती, तिसऱ्या वर्षी गाडीचं मुलांसाठीचं कुलूप, आणि चौथ्या वर्षी बालवाडीच्या मुख्याध्यापिकेचा खण. औषधाच्या बाटल्यांना मुलांना उघडू नयेत अशी झाकणं असतात, ती म्हाताऱ्यांना उघडत नाहीत. म्हणून रविवारी प्रार्थना सुटली की चार-पाच म्हातारे आपापल्या बाटल्या घेऊन सेलापुढे रांगेत उभे राहायचे. "एवढं उघडून दे गं बाळ." सेला खटाखट उघडून द्यायची. घरात पिस्तूल आणायचं ते अशा मुलीच्या.

पिस्तुलांचा दुकानदार हॉलिस हा दाढीवाला, संथ माणूस. त्याने विचारलं, "कशासाठी हवंय?"

"मुलीसाठी."

"किती वर्षांची आहे?"

"सहा."

"मग अजून थोडं थांबा," हॉलिस म्हणाला.

हा गैरसमज निस्तरण्यात दहा मिनिटं गेली. मग हॉलिसने काचेवर मखमल पसरून एकेक पिस्तूल मांडलं. सेड्रिकने सगळ्यात छोट्याला हात घातला. लहान मूल घरात म्हणजे लहान पिस्तूल, असा त्याचा हिशोब. हॉलिसने मान हलवली. "हे खिशात मावेल. पण जितकं छोटं, तितकं उडवताना जास्त उसळतं. एकदा उडवलंत की आठवडाभर मनगटाच्या लक्षात राहील. मोठं घेतलंत तर हातात शहाण्यासारखं वागेल, पण सदऱ्याखाली दडवणं म्हणजे आख्खा पाव दडवणं. तुम्हाला हवं मधलं."

मधलं हातात बरं बसलं. तरी सेड्रिकच्या मनात एक शंका होती, आणि ती कशी विचारावी हे कळत नसल्याने त्याने सरळ विचारली. "हे कमरेला असताना पोर कडेवर घेता येतं का?"

हॉलिसने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकांनी त्याला गोळीचा वेग विचारला होता, नळीची लांबी विचारली होती. हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने आत हाक मारली. त्याची बायको डार्लीन हात पुसत बाहेर आली, प्रश्न ऐकला, आणि विचारलं, "कुठल्या कडेवर घेता?"

"डाव्या."

"मग उजवीकडे, जरा पुढे बांधा. म्यान असं हवं की चाप पूर्ण झाकला जाईल, पोराचं बोट सोडा, शर्टाचं टोकही आत जाता कामा नये. आणि खरं घेण्याआधी आठवडाभर खोटं बांधून वावरा. बसा, वाका, पोर उचला. जे टोचेल ते परत करायला येऊ नका."

खोटं म्हणून दुकानात प्लास्टिकचे निळे नमुने टांगले होते. पण अठरा वर्षं मातीत गेलेल्या माणसाने नमुना विकत घ्यायचा म्हणजे सुताराने पाट विकत आणल्यासारखं. सेड्रिकने मापं लिहून घेतली आणि घरी येऊन गॅरेजात तीन पिस्तुलं घडवली: मोठं, छोटं, मधलं. ही कलाकुसर शाळेच्या भट्टीत केली असती तर दुसऱ्या दिवशी तो शाळेबाहेर आणि त्याचं नाव बातम्यांत असतं, एवढी अक्कल त्याला होती.

मोठं एका दिवसात गेलं. किराणा दुकानात सेलाच्या बुटाची नाडी बांधायला तो वाकला आणि कमरेत काडकन वाजलं. दुकानातल्या पुढच्या तीन रांगा संपेपर्यंत त्याच्या विजारीच्या पायातून लाल खापऱ्या गळत होत्या आणि मागून सेला त्या इमानाने वेचत येत होती. छोटं भाजायला त्याला धीर धरवला नव्हता. ते इतकं छोटं की खिशात आहे हेच तो विसरला आणि विजार धुलाईयंत्रात गेली. रोशेलचा पांढरा डगला विटकरी होऊन बाहेर आला. तो डगला तिने आठवडाभर कामावर घातला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला, "माझ्या नवऱ्याला विचारा," एवढंच सांगितलं.

मधलं मात्र टिकलं. सोमवार ते शनिवार सेड्रिक ते बांधून वावरला. झोपाळ्यावर बसला, सतरंजीवर लोळून गोष्ट वाचली, सेलाला दिवसातून वीसदा उचललं. कुठं टोचलं नाही, कुठं उघडं पडलं नाही. म्हणून रविवारी त्याने ते चर्चला नेलं, आणि इथं त्याचा अंदाज चुकला.

त्यांच्या चर्चमध्ये हात मिळवत नाहीत. पहिलं गाणं झालं की सगळी मंडळी जागेवरून उठते आणि प्रत्येकजण प्रत्येकाला मिठी मारतो. हे पंधरा मिनिटं चालतं. ज्याला अंगावर काही लपवायचं असेल त्याने त्या वेळात गाडीत जाऊन बसावं. पण प्रेमाच्या त्या गर्दीतून आजवर कुणी निसटलेलं नाही. मिस अर्नेस्टीन बॅट्स, वय ब्याऐंशी, डोक्यावर कमळाच्या तळ्याएवढी टोपी, यांनी सेड्रिकला पोटाशी धरलं आणि त्यांचा हात त्याच्या उजव्या कुशीवर थांबला.

"बाळा," त्या कानात म्हणाल्या, "फार मागे बांधलंयस. बसलास की टोचेल."

"मिस अर्नेस्टीन..."

त्यांनी आपली काळी हातपिशवी हळूच बाकावर ठेवली. बाकाने दणका दिला. "एकोणीसशे एकोणऐंशीपासून," त्या म्हणाल्या.

"मिस अर्नेस्टीन, माझं मातीचं आहे."

त्या एक पाऊल मागे सरल्या आणि अपार करुणेने त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "माझं नाही."

गुपित त्यांच्यापाशी राहिलं. अशा बायकांच्या पोटात गुपितं पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

घरात ठेवायला परवाना लागत नाही, कपड्याखाली बांधून बाहेर न्यायला लागतो, हे हॉलिसने सांगितलं होतं. पण रोशेलचं म्हणणं, करायचं तर पुरतं करायचं. वर्ग, परीक्षा, परवाना, सगळं. म्हणून सेड्रिक एका शनिवारी आठ तासांच्या वर्गाला बसला. मास्तरांनी उसनं दिलेल्या पिस्तुलाने पन्नास गोळ्या झाडायच्या होत्या. सेड्रिकच्या कागदाला एकोणपन्नास भोकं पडली आणि शेजारच्या बाईंच्या कागदाला एकावन्न. दोघंही पास झाले. लेखी भागात, पिस्तूल कुठं न्यायचं नाही याची यादी होती. शाळेत नाही, म्हणजे त्याच्या नोकरीवर नाही आणि सेलाला शाळेतून आणायला जातानाही जपून. कोर्टात नाही. दारावर पाटी असेल त्या दुकानात नाही, आणि रोशेलच्या दुकानावर पाटी होती. यादी संपली तेव्हा राहता राहिला घर ते पेट्रोल पंप एवढा रस्ता. पण सेड्रिक खचला नाही. मूठ फिरली होती ती घराच्या दाराची.

परवान्याच्या अर्जाला बोटांचे ठसे लागतात. आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते शेरीफच्या कचेरीत घडलं.

खिडकीपाशी मिसेस क्रम्प म्हणून बाई होत्या. काचेवर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की झालं. सेड्रिकने दहा बोटं ठेवली आणि दहाही वेळा लाल दिवा लागला. मिसेस क्रम्पनी काच पुसली, बोटं पुसली, चष्मा पुसला.

"दाबू नका," त्या म्हणाल्या. लाल. "आता दाबा." लाल. "तुम्ही काम काय करता?"

"मातीची भांडी."

"तरीच. ठसे घासून संपवलेत तुम्ही. यंत्राच्या मते तुम्ही नाही आहात."

"मग तुमच्यापुढे कोण उभं आहे, बाईसाहेब?"

"ते यंत्राला विचारावं लागेल, आणि ते बोटांशिवाय बोलत नाही. तीन आठवडे मातीला हात लावू नका. ठसे उगवतात पुन्हा."

गवतासारखे उगवतात, असं सांगितल्यागत सांगितलं त्यांनी. रांगेतल्या एका आजोबांनी, "हिंमत ठेव बेटा," म्हणून पाठीवर थाप दिली. कागदोपत्री नसलेला माणूस मान खाली घालून घरी आला.

तीन आठवडे मातीशिवाय. शाळेत तो हात खिशात घालून शिकवू लागला. "अंगठा आत, बाकीची बाहेर, आता हळू," असं तोंडी सांगायचा, आणि मुलांच्या चाकांवर जे जन्माला यायचं त्याला कुणी नाव ठेवू शकलं नसतं. घरी गॅरेजात सेला चाकावर बसायची आणि हा सुती हातमोजे घालून स्टुलावर. एरवी तिचा वाडगा वाकडा झाला की याचा हात आपसूक पुढे जायचा. आता जाता येईना. पोरीने चौथ्या दिवशी आपला आपण एक वाडगा उभा केला, एका अंगाला झोपलेला, पण उभा. सेड्रिक त्या वाडग्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसला.

त्या गॅरेजातच सेलाला बोटांची हकिगत कळली. मोजे का, ठसे का, शेरीफ का. मूल एक दार उघडलं की दुसऱ्याला हात घालतं. सेड्रिकने सगळं सांगितलं आणि वर, "कुणाला सांगायचं नाही हं," असंही सांगितलं. बापमंडळी हे वाक्य फार विश्वासाने बोलतात.

रविवारी उपदेशाआधी प्रार्थनेच्या विनंत्या असतात. ज्याला दुखणंखुपणं असेल तो उठतो, स्वयंसेवक माइक नेऊन देतो, आणि सगळी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. चर्चचे एक कारभारी, डीकन ऑटिस व्हिटेकर, यांनी गुडघ्यासाठी मागणं मागितलं. सिस्टर मेबल हार्डींनी कमरेसाठी. मग सेला बाकावर उभी राहिली, आणि माइकवाल्याने सवयीने माइक तिच्या तोंडापाशी धरला.

"माझ्या डॅडीची बोटं गेलीत," सेला म्हणाली. "शेरीफच्या यंत्राला तो दिसत नाही. बोटं परत आली की त्याला पिस्तूल मिळणार आहे. पण हे कुणाला सांगायचं नाही."

तीनशे माणसं. पंख्यांचा आवाज तेवढा. तीन ओळी पुढे रोशेलच्या आईची, मिसेस पर्व्हिस यांची, जांभळी टोपी हळूहळू मागे वळू लागली. जहाज वळावं तशी, घाई नाही, पण थांबवायची सोय नाही. रोशेलने डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, प्रार्थना करतेय.

रेव्हरंड ऑल्स्टन तीस वर्षं त्या चर्चचे पाळक होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "आपण सर्व ब्रदर टिलरींच्या बोटांसाठी मागू या," ते म्हणाले, आणि तीनशे तोंडांतून आमेन आलं. त्यात मिस अर्नेस्टीनचा आवाज सगळ्यात खणखणीत.

पुढच्या रविवारच्या पत्रकात, आजाऱ्यांच्या यादीत, छापून आलं: सिस्टर मेबल हार्डी, कंबर. डीकन ऑटिस व्हिटेकर, गुडघा. ब्रदर सेड्रिक टिलरी, बोटं.

यादीत नाव आलं की त्या घरी जेवण पोहोचतं, हा तिथला शिरस्ता. दुखणं काय याची चौकशी त्यात येत नाही. तीन दिवसांत सेड्रिकच्या फ्रिजमध्ये मॅकरोनीचे पाच ट्रे, रताळ्यांचे तीन आणि एक आख्खी टर्की जमा झाली. आणि प्रत्येक ट्रेबरोबर सल्ला. सिस्टर मेबलनी साखर आणि ऑलिव्ह तेल चोळायला सांगितलं. कुणी अननस सोड म्हणालं, त्याने ठसे झिजतात म्हणून. डीकन ऑटिस ट्रे न आणता आले आणि बसून मॅकरोनी जेवले.

"रिव्हॉल्व्हर घे," ते म्हणाले. "त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. माझ्यासारखंच."

"डीकन, तुमचा गुडघा यादीत आहे."

"गुडघा आहे. रिव्हॉल्व्हर नाही."

सासूबाई तीन दिवस येऊन नुसत्या बसत होत्या. चौथ्या दिवशी बोलल्या. "मला दुःख पिस्तुलाचं नाही, सेड्रिक. दाराला कुणी खांदा लावला, हे मला तुमच्यापैकी एकाने सांगितलं नाही. ते मला माइकवरून, चौकशी करत करत, कळावं." सासूबाईंनी जाताना मागच्या दाराला स्वतः दोन जास्तीच्या कड्या ठोकून घेतल्या.

आता पेटी. पहिली आणली ती ठशाने उघडणारी, आणि ती आणली तिथंच चूक झाली. सेड्रिकचं बोट तिने दोन दिवस ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी सेलाने शेंगदाण्याच्या लोण्याने माखलेला अंगठा टेकवला आणि पेटी किणकिणत उघडली. रोशेलने ती त्याच डब्यात परत बांधली. दुसरी आकड्यांची. ती चौदा मिनिटं टिकली.

"कशी उघडलीस?" सेड्रिकने विचारलं.

"माझा वाढदिवस लावला," सेला म्हणाली. "तुला दुसरा आकडा येतच नाही, डॅडी."

तिसरी मात्र जाड पोलादाची, कपाटाच्या आतल्या भिंतीला बोल्टांनी आवळलेली. पाच बटणं, ती दाबायची एका झाकणाखाली, हात कुणाला दिसत नाही अशी. आणि आकडा रोशेलने ठरवलेला. परीक्षा रविवारी जेवणाच्या वेळी ठरली.

त्या रविवारचा उपदेश सेड्रिकने अर्ध्याच कानाने ऐकला असं त्याला वाटत होतं. रेव्हरंड सुरुवातीला कारकुनाने नोंद वाचावी तसे बोलतात. मग कुठंतरी आवाजाला सूर सापडतो, ऑर्गनवाला त्या सुराखाली हलकेच हात सरकवतो, आणि बोलणं कुठं संपलं नि गाणं कुठं सुरू झालं हे सांगता येत नाही. पाणी नेमकं कोणत्या क्षणी उकळलं हे जसं सांगता येत नाही. "मेंढवाड्याला दगडांची भिंत होती," रेव्हरंड गात होते. "काट्यांचं कुंपण होतं. पण दार, मंडळी, दार कुठं होतं?"

"कुठं होतं, रेव्हरंड?"

"लाकडाचं नव्हतं."

"सावकाश घ्या, सावकाश."

"लोखंडाचं नव्हतं. कुलूप नव्हतं, किल्ली नव्हती. अंधार पडला की मेंढपाळ आपणच त्या फटीत आडवा व्हायचा. लांडग्याला यायचं तर त्याच्यावरून. कोकराला जायचं तर त्याच्यावरून." आणि रुमालाने घाम पुसत त्यांनी तो शेवटचा सूर असा लांबवला की मिस अर्नेस्टीन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे सगळी ओळ उभी राहिली, आणि डीकन ऑटिस गुडघा विसरून उभे राहिले. सेड्रिकही उभा राहिला होता. फक्त त्याच्या मनात पेटी होती.

दुपारी डीकन ऑटिस घड्याळ घेऊन पंच म्हणून बसले, मिस अर्नेस्टीन साक्षीदार. पेटीत सेड्रिकने मोठं चॉकलेट ठेवलं, पोरीला हुरूप यावा म्हणून. सेलाने बटणं दाबली, कान लावला, केसातली पिन घातली, एकदा विनवूनही पाहिलं. भाजी संपली, रताळ्याचं पक्वान्न संपलं. एक तास चाळीस मिनिटांनी ती कपाटातून बाहेर आली. "नाही उघडत," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी उघडलं नाही, आणि घरातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बिचारीला कळेना की हसावं की रडावं. सेड्रिकला इतकं भरून आलं की त्याने स्वतः पेटी उघडली, चॉकलेट काढलं आणि तिच्या हातात दिलं. "घे, तुझं बक्षीस."

"सेड्रिक," रोशेल म्हणाली. तिच्या हातात पक्वान्न कापायची सुरी होती आणि आवाज अगदी खालच्या पट्टीतला. "औषधाला कधी गोड म्हणायचं नाही, हा आमच्या दुकानातला पहिला नियम. आईबापांना मी रोज सांगते. तू आत्ता तिला काय शिकवलंस? या पेटीत खाऊ असतो."

डीकन ऑटिसनी घड्याळ खिशात घातलं. मिस अर्नेस्टीन टोपीच्या पिना चाचपू लागल्या. इतके आठवडे सेड्रिकने मापं घेतली, नमुने भाजले, बोटं पिकवली, तीन पेट्या आणल्या, आणि शेवटी गळ लावून ठेवला तो आपल्याच पोरीसाठी. आणि मग सकाळी अर्ध्या कानाने ऐकलेलं सगळंच्या सगळं त्याला ऐकू आलं, ऑर्गनसकट. दारं, कुलपं, बटणं यांवर भिस्त ठेवून तो स्वतः मात्र पोरीपासून लपून बसला होता.

तो कपाटासमोर जमिनीवर बसला. सेलाला समोर बसवलं. "हे शेवटचं चॉकलेट," तो म्हणाला. "यात यापुढे खाऊ कधीच नसणार. यात पिस्तूल असेल. खरं."

"माहितीये."

"ते तुला दिसलं, इथं किंवा कुणाच्याही घरी, तर काय करायचं?"

"उघडायचं नाही."

"आणि आधीच उघडं असलं तर?"

सेला विचारात पडली. असं काही असू शकतं हे तिच्या अनुभवाबाहेरचं होतं.

"हात लावायचा नाही," सेड्रिक म्हणाला. "तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. मला, ममाला, कुणालाही. सांगितलंस म्हणून तुला कुणी रागावणार नाही. म्हण बघू."

तिने म्हटलं. त्याने पुन्हा म्हणायला लावलं. मागून डीकन ऑटिसही पुटपुटत म्हणत होते.

"आणि तो दारवाला माणूस परत आला तर?"

"तर तू ममाबरोबर आतल्या खोलीत. दाराशी मी."

"आडवा? रेव्हरंड म्हणाले तसा?"

"तसाच."

तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत मापलं. "तुझे पाय बाहेर येतील," ती म्हणाली, आणि उरलेलं चॉकलेट घेऊन टेबलाशी जाऊन बसली. खुर्ची जवळची होती ती घेतली. पाठ कुठं येते हे बघितलं नाही.

मग तीच पेटी रोशेलने दुसऱ्या भिंतीत, उंचावर आवळून घेतली आणि रोज उघडून सेलाला रिकामी दाखवली, महिनाभर, रोज. गोडाचा वास त्यातून जाईपर्यंत.

मिसेस क्रम्पच्या काचेवर नऊ बोटं हिरवी झाली. डावा अंगठा झाला नाही तो नाहीच. "नऊ पुरतात," त्या म्हणाल्या. "देवाने एक ठेवून घेतलं." चर्चच्या पत्रकात सेड्रिकचं नाव यादीतून उपकारस्तुतीत गेलं आणि जेवणाचे ट्रे यायचे थांबले, याचं डीकन ऑटिसना जरा वाईट वाटलं. परवाना आला त्या शनिवारी रोशेल स्वतः त्याच्याबरोबर हॉलिसच्या दुकानात गेली, मधलं पिस्तूल तिने हातात धरून पाहिलं, सेड्रिकच्या कमरेला म्यान लावून त्याला पाच वेळा वाकायला लावलं, आणि मगच मान हलवली. डार्लीनने तिला कॉफी दिली.

दुसऱ्या आठवड्यात सेड्रिक सेलाला घेऊन किराण्याला निघाला. दारावर पाटी नसलेलं दुकान त्याने शोधून ठेवलं होतं. गाड्या लावायचं मैदान गच्च भरलेलं. एक जागा रिकामी होत होती, सेड्रिक वळायचा दिवा लावून थांबला होता, आणि समोरून एक लाल ट्रक आला तो सरळ आत घुसला. ट्रकवाल्याने काच खाली करून सेड्रिकला गाडी चालवायच्या त्याच्या अकलेवरून चार शब्द ऐकवले. त्यातले दोन सेलापुढे ऐकवण्यासारखे नव्हते.

अशा प्रसंगी सेड्रिक टिलरीची ख्याती होती. मागच्या वर्षी याच मैदानात त्याने एका जागेसाठी तेरा मिनिटं वाद घातला होता, दाखल्यांसकट. आताही जीभ तयार झाली. त्याने काच खाली केली, श्वास घेतला, आणि उजव्या कुशीवरचं वजन त्याला जाणवलं. मागच्या सीटवर सेला होती. कानाच्या पाळ्या तापलेल्या असतानाच त्याने आपला आवाज ऐकला: "चूक माझी असेल, साहेब. दिवस चांगला जावो तुमचा."

ट्रकवाला तोंड उघडं ठेवून बघत राहिला. पुढचे शब्द त्याने तयार ठेवले होते, ते आता कुणावर टाकावे हे त्याला कळेना.

सेड्रिकने गाडी पार टोकाला, सामानाच्या ढकलगाड्या ठेवायच्या पत्र्याच्या शेडपाशी लावली.

"डॅडी, जागा आपली होती."

"होती."

"तू त्याला घाबरलास?"

"नाही," सेड्रिक म्हणाला. मग खरं ते सांगावं असं वाटून म्हणाला, "हे बांधलेल्या माणसाने भांडायचं नसतं. एकदा भांडण सुरू झालं की ते कुठं जाईल, सांगता येत नाही."

"हे शेरीफने सांगितलं?"

"कुणी नाही. आत्ता, काच खाली केल्यावर कळलं."

"मग आता तू सगळीकडे हरणार?"

सेड्रिकने विचार केला. शाळेच्या बैठका, सासूबाई, मैदानं. "बहुतेक," तो म्हणाला. "तू घरी सुखरूप आलीस की झालं."

सेलाला हा सौदा पटला असावा. दुकानापर्यंत लांब चालायचं होतं, म्हणून तिने हात वर केले आणि त्याने तिला उचललं. लाल ट्रकवरून जाताना ती त्याच्या खांद्यावरून मागे वळली आणि चर्चच्या दारात निरोप देतात तसा, हसून, सगळा हात हलवला. ट्रकवाला पिशव्या काढत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कुणी नव्हतं, आणि मग बिचाऱ्याचाही हात आपोआप वर गेला.